हार्वर्डचं नंतर बोलू, आधी बसपासचं

मार्च संपत आला की एक व्हिडिओ ठरलेला असतो. कुठल्यातरी हलाखीच्या घरातली मुलगी लॅपटॉपसमोर बसलीय, मागे आई, भावंडं, मावशी, सगळे श्वास रोखून, आणि मग स्क्रीनवर आयव्ही लीगचं, म्हणजे हार्वर्डसारख्या अमेरिकेतल्या आठ बड्या खाजगी विद्यापीठांपैकी एकाचं, ॲडमिशन दिसतं आणि अख्खं घर किंचाळतं. आमच्या फॅमिली ग्रुपवरपण येतो तो व्हिडिओ, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग आणि कुणीतरी काकांचं "जिद्द असली की सगळं होतं". मलाही त्या मुलीसाठी बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मी अमेरिकेतल्या एका सरकारी कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसमध्ये काम करते, आणि माझ्या खिडकीसमोर जी मुलं येतात त्यांचं घोडं जिद्दीपाशी अडत नाही. ते अडतं फॉर्मपाशी, बसच्या भाड्यापाशी, दोन-तीनशे डॉलरच्या बाकीपाशी. म्हणून म्हटलं एकदा लिहून टाकू, कारण दर वेळी ग्रुपवर वाद घालण्यात अर्थ नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, फी कमी, प्रवेशासाठी मारामारी नाही, हायस्कूल झालं असेल तर या. इथे दोन वर्षं करून मग चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत बदली घेता येते, निदान कागदावर तरी. त्या "कागदावर"कडे येतेच नंतर.

आधी हार्वर्डचं उरकून टाकू. राज चेट्टी नावाचे अर्थतज्ज्ञ आहेत, जन्म दिल्लीचा, स्वतः हार्वर्डमध्येच शिकवतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तीन कोटींहून जास्त विद्यार्थ्यांचे टॅक्सचे रेकॉर्ड (अर्थात नावं काढून) कॉलेजच्या रेकॉर्डशी जोडून पाहिले, की कुठल्या घरातली मुलं कुठल्या कॉलेजात गेली आणि पुढे किती कमवायला लागली. आयव्ही लीगची आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, शिकागो, ड्यूक अशी बारा कॉलेजं एकत्र धरली तर तिथे देशातल्या सगळ्यात श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं, खालच्या ५० टक्के घरांतल्या सगळ्या मुलांपेक्षा जास्त निघाली. अर्धा देश एका बाजूला आणि एक टक्का दुसऱ्या बाजूला, तरी पारडं एक टक्क्याचं जड. २०२३ मध्ये त्यांचाच पुढचा अभ्यास आला, त्यात दिसलं की प्रवेश परीक्षेत मार्क सारखे असले तरी त्या १ टक्का घरांतल्या मुलाला या कॉलेजांत शिकायला जायची शक्यता मध्यमवर्गीय मुलापेक्षा दुपटीहून जास्त. प्रवेश देताना त्यांचं पारडं जड होण्याची कारणं तीन, आईवडील तिथलेच माजी विद्यार्थी असणं, खेळाडू म्हणून झालेली निवड, आणि मार्क सोडून बाकीचं जे "व्यक्तिमत्त्व" बघतात ते. तलवारबाजी आणि नौकानयन कुठल्या शाळांत शिकवतात ते वेगळं सांगायला नको.

हे सगळं चीड आणणारं आहेच. पण या बारा कॉलेजांनी उद्या सगळी दारं सताड उघडली तरी आत मावणार किती? देशात अंडरग्रॅज्युएट विद्यार्थी दीड कोटीच्या वर आहेत, या बारा ठिकाणच्या जागा त्यापुढे चिमूटभर. वर्तमानपत्रातल्या चर्चेचा मोठा वाटा मात्र तिकडेच जातो, कारण लिहिणारे तिथले, वाचणारे तिथे मुलाला घालू बघणारे.

त्याच २०१७ च्या अभ्यासात एक आकडा होता जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक कॉलेजात सगळ्यात खालच्या २० टक्के घरांतून आलेली मुलं किती, आणि त्यातली किती पुढे तिशीच्या सुरुवातीला कमाईत वरच्या २० टक्क्यांत पोचली, या दोन्हींचा गुणाकार. म्हणजे त्या कॉलेजच्या शंभर विद्यार्थ्यांमागे तळातून थेट वर गेलेले किती. बारा बड्या कॉलेजांचा सरासरी आकडा २.२. लॉस एंजेलिसच्या कॅल स्टेटचा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी स्टेट युनिव्हर्सिटीचा, ९.९. न्यूयॉर्कच्या सरकारी सिटी युनिव्हर्सिटीची कॉलेजं, न्यूयॉर्क राज्याची स्टोनी ब्रूक युनिव्हर्सिटी, कॅलिफोर्नियातलं ग्लेंडेल कम्युनिटी कॉलेज, सगळी वरच्या यादीत. ही नावं व्हिडिओत कधी येत नाहीत, तिथे प्रवेश मिळाला म्हणून कुणी किंचाळत नाही, पण शिडी खरी तिथे आहे. (ही प्रगती कॉलेजमुळेच झाली असं हे आकडे सिद्ध करत नाहीत, मुळात धडपडी मुलं तिथे जात असतील असंही असू शकतं, हे चेट्टी मंडळीही सांगतात. पण त्याच अभ्यासात हेही दिसतं की एकाच कॉलेजात शिकलेली गरीब आणि श्रीमंत घरची मुलं पुढे जवळपास सारखंच कमावतात, त्यामुळे "गरीब घरची मुलं तिथे टिकणार नाहीत" हे रडगाणं तरी बंद व्हायला हवं.) वाईट बातमी अशी की २००० नंतरच्या दशकात नेमक्या याच प्रकारच्या कॉलेजांत गरीब मुलांचं प्रमाण घटत गेलं.

आता माझ्या खिडकीवर या.

इथे सरकारी मदत मिळवायची तर एक फॉर्म भरावा लागतो, त्याला सगळे फॅफ्सा म्हणतात. त्यावर पेल ग्रँट ठरते, म्हणजे गरीब विद्यार्थ्यांसाठीची केंद्र सरकारची मदत, १९७२ पासून चालू असलेली, कर्ज नाही, परत करायची नाही. सध्या वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. सत्तरच्या दशकात याच ग्रँटमध्ये सरकारी युनिव्हर्सिटीच्या राहण्याखाण्यासकट खर्चातला पाऊण हिस्सा निघायचा, आता एक तृतीयांशसुद्धा जेमतेम. तरीपण कम्युनिटी कॉलेजात बऱ्याच ठिकाणी फी निघून वर थोडे उरतात. म्हणजे फीचा प्रश्न सुटला ना? असं वाटतं. मग तो फॉर्म भरायला बसा.

चोवीस वर्षांखालचा विद्यार्थी, लग्न झालेलं नाही, स्वतःला मूल नाही, सैन्यात नव्हता, तर सरकारच्या लेखी तो आईबापांवर अवलंबून, मग ते एक पैसा देत असोत वा नसोत. बापाने घर सोडून दहा वर्षं झाली असतील, आई फॉर्मवर सही करायला तयार नसेल, तुम्ही गोदामात रात्रपाळी करून स्वतःचं भाडं स्वतः भरत असाल, तरी त्यांच्यापैकी निदान एकाच्या उत्पन्नाची माहिती हवी. अपवाद असतात, पण अपवादासाठी पुरावे गोळा करायचे, शिक्षकाचं किंवा समाजसेवकाचं पत्र आणायचं, आणि आपल्या घरची लक्तरं एका अनोळखी बाईसमोर, म्हणजे माझ्यासमोर, मांडायची. काही मुलं तिथूनच परत जातात, आणि त्यांना दोष द्यावा असं मला कधी वाटलेलं नाही. मग ज्यांचे आईवडील कागदपत्रांविना राहतायत पण मूल इथलं नागरिक आहे त्या मुलांना मदतीचा पूर्ण हक्क आहे, पण आईचं नाव सरकारी फॉर्मवर टाकायचं या विचारानेच घरात रात्रभर खलबतं चालतात.

तरी म्हणे फॉर्म आता सोपा केलाय. शंभराहून जास्त प्रश्न होते ते बरेच कमी केले, हे खरंय आणि चांगलंय. पण नव्या फॉर्मचं पहिलं वर्ष, २०२४-२५ चं, आठवलं तरी अंगावर काटा येतो. एरवी १ ऑक्टोबरला उघडणारा फॉर्म डिसेंबर २०२३ च्या शेवटच्या दोन दिवसांत उघडला, तोही अधूनमधून बंद, सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नसलेल्या पालकांना पुढेच जाता येईना, आणि कॉलेजांकडे माहिती यायला मार्च उजाडला. पैसेवाल्या घरांना काय फरक पडला? काहीच नाही, त्यांनी मुलांना कॉलेज ठरवून दिलं आणि डिपॉझिट भरून टाकलं. ज्याला आकडा कळल्याशिवाय हो म्हणता येत नाही तोच लटकला. कुठलाही गोंधळ झाला की तो सगळ्यांवर सारखा पडत नाही, हे या नोकरीत जितकं कळतं तितकं क्वचितच कुठे कळत असेल.

"माहिती पोचवा, जागरूकता करा" असं म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास राहिला नाहीये, आणि त्याला कारण आहे. २००८ मध्ये ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनात एक प्रयोग झाला, एच अँड आर ब्लॉक या टॅक्स भरून देणाऱ्या कंपनीच्या ऑफिसांत. टॅक्स भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींना तिथल्या तिथे फॅफ्सा भरून दिला, माहिती तशीही टॅक्सच्या कागदांत होतीच, दहाएक मिनिटांचं काम. काहींना फक्त सांगितलं की तुम्हाला इतकी मदत मिळू शकते, हा घ्या कागद. ज्यांना फॉर्म भरून दिला त्यांच्या हायस्कूल संपवणाऱ्या मुलांत पुढच्या तीन वर्षांत सलग दोन वर्षं कॉलेज करणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. ज्यांना फक्त माहिती दिली त्यांच्यात काहीच बदल नाही. काहीच नाही! हुशार पण गरीब मुलांना चांगल्या कॉलेजांची माहितीपत्रकं पोस्टाने पाठवायचा प्रयोगही खूप गाजला होता, पण तोच प्रकार नंतर देशभर मोठ्या प्रमाणावर केला तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला.

पण पत्रात नुसती माहिती न देता हमी दिली तर? मिशिगन युनिव्हर्सिटीने २०१५ मध्ये हे करून पाहिलं. राज्यातल्या हुशार आणि गरीब विद्यार्थ्यांना घरी एक मोठं रंगीत पाकीट पाठवलं, की तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची ट्युशन फी माफ, फॉर्म नाही, उत्पन्नाचे दाखले नाहीत, हा आमचा शब्द. यातल्या बहुतेकांना नेहमीच्या पद्धतीने अर्ज केला असता तरी साधारण तितकीच मदत मिळाली असती, म्हणजे युनिव्हर्सिटीने जास्तीचे पैसे फारसे ओतलेच नाहीत. तरी अर्ज करणारे २६ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेले आणि प्रत्यक्ष प्रवेश घेणारे दुपटीहून जास्त झाले. पैसे तेच, बदलली ती फक्त खात्री. श्रीमंत घरात ही खात्री जन्मापासून असते, गरीब घरात ती एप्रिलमध्ये एका पीडीएफच्या तळाशी येते, आली तर.

बरं, समजा झाला प्रवेश, मिळाली ग्रँट. यापुढचं कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर पुढचा पॅरा सोडा, पण सोडू नका.

एक काल्पनिक हिशोब घ्या. मुलाला सेमिस्टरची पेल ग्रँट ३,६०० डॉलर आली. कॉलेजची फी २,०००. उरलेले १,६०० त्याच्या हातात, त्यातून पुस्तकं, भाडं, गाडीची बॅटरी, जे काय असेल ते. पाचव्या आठवड्यात आई आजारी पडली किंवा कामाची शिफ्ट बदलली, आणि पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमधून मुलगा तिथेच बाहेर पडला. केंद्राचा नियम असा की ६० टक्के सेमिस्टर होण्याआधी सोडलं तर जितके दिवस बसलात तितकीच मदत "कमावली". म्हणजे एक तृतीयांश. मग कॉलेजने आपल्या फीतले दोन तृतीयांश, साधारण १,३३३ डॉलर, सरकारला परत करायचे. आणि कॉलेजची स्वतःची फी परत करायची मुदत तर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच संपलेली असते, म्हणून ते १,३३३ कॉलेज मुलाकडे मागतं. आई हॉस्पिटलात, नोकरी गेलेली, क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर पदवीसाठी जमा होणारे गुण) शून्य, आणि वर फुकट शिक्षणासाठी तेराशे डॉलरचं बिल. ते भरलं नाही तर खात्यावर होल्ड, पुढच्या सेमिस्टरला नाव नोंदवता येत नाही, कधी प्रकरण वसुलीवाल्यांकडे जातं. दोन वर्षांनी परिस्थिती सुधारली, परत यायचंय, तर दारातच हे बिल उभं. माझ्या खिडकीवर सगळ्यात जास्त शांतता याच वेळी असते, कारण मुलाला नियम समजलेला असतो आणि त्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. सेमिस्टर सोडण्याआधी येऊन विचारलं असतं तर कित्येकदा वाट निघते, एखादा विषय ऑनलाइन, एखाद्या प्रोफेसरकडून मुदत, किंवा निदान ६० टक्क्यांची तारीख ओलांडेपर्यंत थांबणं. पण विचारायला यायचं कुणी सांगितलेलं असतं? घरात कॉलेजला गेलेलं कुणी नाही, आणि ऑफिसकडून आलेली ईमेल म्हणजे काहीतरी वाईटच असणार म्हणून ती उघडतच नाहीत.

यावर अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने एक साधी गोष्ट केली. बाकी थकली म्हणून नाव कापायची वेळ आलेले, पण अभ्यासात ठीक चाललेले विद्यार्थी त्यांनी स्वतःहून शोधले आणि अर्ज वगैरे न मागता ती बाकी भरून टाकली. रक्कम सरासरी नऊशे डॉलरच्या आसपास. पदवीला थोडंसंच उरलेल्या मुलाला नऊशे डॉलरसाठी घरी पाठवणं म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, आणि गंमत बघा, त्याचं नाव कापलं तर पुढची सगळी फी युनिव्हर्सिटीच गमावते. म्हणजे हा दानधर्मसुद्धा नाही, सरळ हिशोब आहे. तरी बाकीच्यांना तो सुचायला इतकी वर्षं का लागतात कोण जाणे.

आणि आता तो बसपास. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एएसएपी नावाचा कार्यक्रम सुरू केला. पूर्णवेळ शिका, त्या बदल्यात ग्रँटच्या वर उरलेली फी आम्ही भरू, पुस्तकांना मदत करू, बस-मेट्रोचा पास देऊ, आणि एक सल्लागार देऊ जो तुम्हाला खरंच ओळखेल. ओळखेल अशासाठी की त्याच्याकडे साठ-ऐंशी विद्यार्थी, एरवी एका सल्लागाराच्या वाट्याला सहाशेपासून पंधराशेपर्यंत असायचे. आणि पास मिळायचा तो सल्लागाराला भेटत राहिलात तरच, त्यामुळे मुलं पासासाठी यायची आणि येताना अडचणी सांगून जायची, ही यातली खरी हुशारी. या कार्यक्रमाचा अभ्यास झाला तेव्हा विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून निवडले होते, त्यामुळे तुलना पक्की. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत मिळवणारे एरवी २२ टक्के, कार्यक्रमात ४० टक्के. मग लोक म्हणाले न्यूयॉर्कची गोष्ट वेगळी, तर ओहायोतल्या तीन कॉलेजांत केलं, तिथे १९ चे ३५ झाले. खर्च दर विद्यार्थ्यामागे बराच जास्त, पण पदव्याच इतक्या वाढल्या की न्यूयॉर्कमध्ये एका पदवीमागचा खर्च उलट कमी पडला. राज्यांचं बजेट मात्र डोकी मोजून ठरतं, पदव्या मोजून कमीच, म्हणून हे सगळीकडे झालेलं नाही. आमच्याकडेही नाही. आमच्याकडे पास आहे, पण तो अर्ज करून, उत्पन्न दाखवून, साठा असेपर्यंत. परत फॉर्म!

बदलीचं सांगायचं राहिलं. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या दहापैकी आठ जणांना पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची असते. सहा वर्षांत ती खरंच मिळते साधारण १६ टक्क्यांना. काही गळतात, काही थांबतात, पण जे बदलीपर्यंत पोचतात त्यांचं काय होतं? २०१७ मध्ये सरकारच्याच हिशोब तपासनिसांनी अंदाज काढला की कॉलेज बदलताना विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया जातात. तोच विषय, तेच पुस्तक, पण "आमच्याकडे हा धरत नाही", की पुन्हा फी, पुन्हा सेमिस्टर, आणि पेल ग्रँट आयुष्यभरात साधारण सहा वर्षांपुरतीच असल्याने तीही मधेच आटते.

मला कुणी विचारतं की मग कॉलेजच कशाला, इलेक्ट्रिशियन व्हा, प्लंबर व्हा. जरूर व्हा, चांगला पैसा आहे, आमच्याकडेच शिकवतात ते. फक्त हा सल्ला देणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठे शिकतायत ते एकदा विचारून बघा. आणि पदवीचा फायदा नाही म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की कर्ज थकवणाऱ्यांत मोठ्या रकमा घेऊन डॉक्टर-वकील झालेले कमी असतात, जास्त असतात ते थोडं कर्ज काढून मधेच सोडावं लागलेले. कर्ज आहे, पदवी नाही, हाच सगळ्यात वाईट सौदा.

तुमचं कुणी भाचा-पुतणी इकडे कम्युनिटी कॉलेजातून जायचा विचार करत असेल, तर पहिल्या सेमिस्टरचे विषय निवडायच्या आधी ज्या युनिव्हर्सिटीत पुढे जायचंय तिच्याशी या कॉलेजचा बदलीचा लेखी करार आहे का ते बघायला सांगा, कुठला विषय तिकडे कशाच्या बदल्यात धरतात ते त्यात असतं. इथले नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर फॅफ्सा ऑक्टोबरातच भरा, काही राज्यांची मदत आधी येईल त्याला मिळते आणि संपते. आणि काहीही कारणाने सेमिस्टर सोडायची वेळ आली तर सोडण्याआधी एड ऑफिसच्या खिडकीवर जा, सोडल्यावर नाही. खिडकीमागची बाई वैतागलेली दिसली तरी विचारा, ती बहुतेक कॉम्प्युटरवर वैतागलेली असते.